चव घेणं म्हणजे खाणं नव्हे

तिसऱ्या खेपेलाही वजनाचा आकडा एकोणऐंशीवरच थांबला, आणि डाएटवाली मुलगी माझ्याकडे न बघता स्वतःच्याच वहीकडे संशयानं बघायला लागली.

तिची तरी काय चूक? पंचविशीतली पोर, नवी नोकरी. तिच्या वरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी तिला माझ्यादेखत ऐकवलं होतं, की वजन उतरवायचं तर दोन जेवणांच्या मध्ये तोंड बंद, बाकी सगळी थेरं. पोरीचं मत नेमकं उलटं. ती म्हणायची, माणसाला सहा-सहा तास उपाशी ठेवलं की तो जेवणावर तुटून पडतो. त्यापेक्षा मध्ये थोडं काहीतरी द्या, भूक ताब्यात राहते. तिनं मला अकरा वाजता एक सफरचंद आणि चार वाजता मूठभर चणे लिहून दिले. बाई म्हणाल्या, "बघू या तुझ्या चण्यांचा प्रताप." म्हणजे वजन माझं, पण परीक्षा तिची होती.

आणि जीव टांगणीला लागला होता माझ्या भावाचा.

धाकट्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. चाळिशीचा माणूस, लिफ्ट दुरुस्त करायचा, वीस-वीस मजल्यांच्या पोकळीत लोंबकळून वर शीळ घालणारा. आता त्याला स्वतःच्या घराचा एक जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जायचं, हातात दोन सुया टोचून घ्यायच्या, चार तास मशीनला जोडून पडायचं आणि घरी येऊन मेल्यासारखं झोपायचं. पाणी दिवसभरात अर्धा लिटर, त्यातच चहा आला, त्यातच औषधाचा घोट आला. भावजय स्वतःची किडनी द्यायला एका पायावर तयार होती, पण तिची जुळली नाही. माझी जुळली. मोठे डॉक्टर म्हणाले, "इतकी छान जुळलेली क्वचित बघायला मिळते." आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले, "पण बाई, या वजनात ऑपरेशन तुमच्याच जिवाला धोक्याचं आहे. एकोणऐंशीचे त्र्याहत्तर करून या, त्याच दिवशी तारीख देतो."

सहा किलो. एवढंच मागितलं होतं माझ्याकडे.

घरात तर मोहीमच निघाली. आमचे हे शाळेची बस चालवतात. पोरांना सोडून दुपारी घरी आले की स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर माझे दुसऱ्या दिवशीचे चणे मोजून डबीत भरायचे. एक चणा जास्त झाला तर काढून ठेवायचे. त्यांना स्वतःला चार वाजता चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकायची जन्माची सवय. पण "तू सोसतेस आणि मी चरू का?" म्हणून तेही बंद केलं. दोन महिन्यांत त्यांचे चार किलो उतरले. पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडून मला दाखवताना असे ओशाळले, की जणू माझ्या ताटातलं उचलून खाल्लं होतं.

माझं मात्र जैसे थे. वहीत मी सगळं लिहायची. सकाळी दोन उकडलेली अंडी, एक पाव. अकराला सफरचंद. दुपारी भाजी, भात अर्धी वाटी. चारला चणे. रात्री सूप. एकदा हातून चहात अर्धा चमचा साखर जास्त पडली, तीसुद्धा लिहिली. मुलगी पान उलटायची, परत मागे यायची.

"काकू, रागावू नका, पण खरंच एवढंच खाता?"

"खोटं लिहून मला काय मिळणार आहे गं?" मी फणकाऱ्यानं म्हटलं. "माझ्या सख्ख्या भावाचा प्रश्न आहे."

त्या दिवशी मी खोटं बोलत नव्हते. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी बिस्किटांच्या कारखान्यात चव बघायला आहे. बावीस वर्षं झाली. भट्टीतून दर अर्ध्या तासाला नवा घाणा निघतो, त्यातला एक ट्रे आमच्या खोलीत येतो. बिस्कीट आधी कानाजवळ धरून मोडायचं, आवाज ऐकायचा. मग रंग बघायचा, वास घ्यायचा, आणि मग तोंडात. मीठ किती, सोडा वर आलाय का, लोणी जुनं आहे का, गिळल्यावर मागे काय उरतं, सगळं तक्त्यात भरायचं. मी नापास केला की आख्खा घाणा बाजूला, मग मॅनेजर आला तरी माझ्या शब्दापुढे जायचा नाही. कारखान्यात मला नावानं कुणी हाक मारत नाही, 'जीभ' म्हणतात. "जिभेला विचारलं का?" "जीभ रजेवर आहे." मला त्याचा राग नाही, उलट मिरवायची मी ते.

खोलीत थुंकायला एक झाकणाचा डबा असतो. नव्या मुली चावतात, थुंकतात, चूळ भरतात. मला ज्यांनी शिकवलं ते म्हातारे मास्तर म्हणायचे, थुंकलं त्याला अर्धीच चव कळली, खरी चव घशाखाली उतरताना सांगते. तेव्हा मी कधी थुंकले नाही. आणि ते खाणं आहे असं मला बावीस वर्षांत एकदाही वाटलं नाही. शिंपी दुसऱ्याचा सदरा अंगाला लावून बघतो, म्हणून तो त्यानं घातला असं होतं का? तसंच. खाणं म्हणजे डबा उघडून खाते ते. हे काम होतं. पोरीनं मला विचारलं होतं, "कामावर काही खाता का?" मी सांगितलं, "डबा आणि तुझे चणे." शपथेवर सांगितलं असतं.

वजन हलेना, तेव्हा पोरीनं रक्त तपासायला पाठवलं. थायरॉईड बघितलं, साखर बघितली, आणखी कसलं कसलं बघितलं. सगळं ठीक. बाईंनी रिपोर्ट वाचले आणि पोरीकडे बघून म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये काही नाही, म्हणजे तुझ्या त्या मधल्या खाण्यातच आहे. बंद कर." पोरीचे कान लाल झाले. ती म्हणाली, "मॅडम, एक आठवडा द्या." मला तिची दया आली होती. विश्वास ठेवा अगर ठेवू नका, खरंच दया आली होती.

आणि त्याच आठवड्यात ते झालं.

कारखान्यात नवं बिस्कीट निघायचं होतं. 'मधल्या वेळच्या भुकेसाठी हलकं बिस्कीट', खास वजनाची काळजी करणाऱ्यांसाठी. त्याच्या पुड्यावर काय छापायचं ते ठरवणारा ऑफिसातला माणूस आमच्या खोलीत आला आणि कौतुकानं वाचून दाखवायला लागला. "एका बिस्किटात फक्त पस्तीस कॅलरी. नेहमीच्या बिस्किटापेक्षा पाच कमी!"

नेहमीचं म्हणजे चाळीस. मी तेव्हा नेहमीचंच चावत होते. डोक्यात आपोआप हिशेब सुरू झाला. दिवसाला चौदा ट्रे. प्रत्येकातली दोन. अठ्ठावीस. अठ्ठावीस चोक... अकराशे वीस. पोरीनं मला दिवसभराला तेराशे लिहून दिल्या होत्या.

अगं बाई! म्हणजे मी रोज आणखी एका माणसाचं जेवत होते. रक्त तपासून झालं, वही तपासून झाली, चणे मोजून झाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोंडातलं बिस्कीट तसंच होतं. थुंकायचा डबा हाताच्या अंतरावर होता. मी ते बिस्कीट गिळलं.

आता तुम्ही म्हणाल, त्याच दिवशी जाऊन सांगायचं. मीही मनात तेच म्हटलं. संध्याकाळी दवाखान्यात जाते, पोरीला सांगते, "बाई गं, चूक झाली," हसू आपण दोघी. बसमध्ये बसले. खिडकीशी जागा मिळाली. आणि दोन थांबे गेल्यावर लक्षात आलं की मला बरं वाटतंय. हलकं वाटतंय. कितीतरी दिवसांनी. हे कशामुळे, म्हणून जरा खोल बघितलं तर उत्तर वरच तरंगत होतं. आकडा उतरला नाही, तर तारीख नाही. तारीख नाही, तर मला कुणी कापणार नाही.

मला भीती वाटत होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. तपासण्यांसाठी गेले होते तेव्हा दवाखान्याच्या वऱ्हांड्यात एक बाई दिसली होती. माझ्याच वयाची, नवऱ्याला किडनी दिलेली. कमरेवर हात धरून, वाकून, एकेक पाऊल मोजत चालत होती. तिनं माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. तेवढ्या हसण्यानंही तिला कळ आली, ते मला दिसलं. त्या दिवसापासून मी सगळ्यांसमोर "माझ्या भावासाठी एक काय, दोन्ही देईन" म्हणत होते, आणि आंघोळीला गेले की कुशीवर हात ठेवून उभी राहत होते. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. कोण बहीण नाही म्हणेल? आणि आता नाही न म्हणताच नाही झालं असतं. माझ्यावर बोल नाही. बिचारी किती सोसते, पण वजनच उतरत नाही, नशीब.

मी घराच्या थांब्यावर उतरले. दवाखाना पुढे तीन थांबे होता.

पाच आठवडे मी मूग गिळून बसले. मूग काय, बिस्किटं म्हणा. आधी निदान कामापुरती दोन खायची. आता कधी तिसरंही जायला लागलं. कुठल्याही घाण्यात मला शंका यायला लागली, "जरा परत बघते" म्हणून. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. नव्या मुलींपैकी कुणी नुसतं वर बघितलं तरी मला वाटायचं, हिला कळलं. घरी ह्यांनी चण्याची डबी हातात दिली की मी त्यांच्याकडे न बघता ती पिशवीत कोंबायची. एकदा मी उगाचच त्यांच्यावर खेकसले, "काय सारखं चणे, चणे!" ते म्हणाले, "चिडू नकोस. उपाशी माणूस चिडतो." त्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

तिकडे पोरीचा आठवडा संपला, चणे आणि सफरचंद बंद झालं. त्यानंही आकडा काही खाली आला नाही, पण बाईंनी त्याचाही दोष आधीच्या चण्यांनाच दिला. एकोणऐंशी आणि वर चारशे ग्रॅम. पोर मला म्हणाली, "काकू, मी आता कुणालाच मधलं खाणं देत नाही. मॅडम बरोबर असतील. माझंच चुकत असेल." खाली मान घालून वहीत रेघा मारत होती. जिभेच्या टोकावर आलं होतं माझ्या. पण जिभेनं फक्त बिस्किटंच बघितली.

मग एका रविवारी धाकट्यानं दुपारी बोलावून घेतलं.

त्याचं घर लहान. बाहेरची खोली, तिच्यात पलंग, एक खुर्ची, खिडकीत त्याच्या जुन्या हत्यारांची पेटी. उकाडा मरणाचा होता. मी आल्याबरोबर नेहमीसारखी आत गेले आणि दाराआड उभी राहून पाणी प्यायले, त्याच्यासमोर नको म्हणून.

"ताई, बाहेर येऊन पी," तो म्हणाला. "दाराआडून घटाघटा आवाज आला की जास्त तहान लागते. समोर प्यायलीस तर निदान बघायला तरी मिळेल."

"वात्रट आहेस," मी म्हटलं.

"पाण्यावर तेवढं एकच औषध आहे."

भावजय भाजी निवडत जमिनीवर बसली होती. ती हसली नाही. तिचे डोळे सुजलेले होते. मी खुर्चीवर टेकले. धाकट्यानं बाटली उचलली. तिच्यावर त्यानं पेननं तासातासाच्या खुणा केलेल्या होत्या. बारा वाजून गेले होते, पाणी दहाच्या खुणेच्या खाली आलं नव्हतं. ओठ ओले करण्यापुरतं प्यायला, परत झाकण लावलं.

"ऐक," तो म्हणाला. "मी काल मोठ्या डॉक्टरांना भेटलो. ताईचं नाव काढून टाका म्हणून सांगितलं."

"काय?"

"बस्स झालं, ताई. तुझी ती डाएटवाली मला मशीनपाशी भेटली. रडवेली झाली होती. म्हणाली, काकू जेवढं खातात तेवढ्यात लहान पोरगंही राहणार नाही, तरी उतरत नाही, आता अजून कमी करायला मॅडम सांगतायत. मी म्हटलं, गेलं खड्ड्यात. माझ्यापायी तू उपाशी मरायची आणि मी तुझी किडनी घालून फिरायचं? नाव लावू दुसऱ्या यादीत. मिळेल कुणाची तरी."

"किती वर्षांनी?" भावजय खाली बघूनच म्हणाली.

"मिळेल तेव्हा मिळेल."

"पाच-सहा वर्षं म्हणाले ते," ती म्हणाली. "तेवढी आहेत का, ते नाही म्हणाले."

आणि मला दिसलं, की दार उघडं आहे. सरळ उघडं. मी नुसतं पदरानं डोळे पुसायचे आणि म्हणायचं, "तुझं मन मला कळतं रे." झालं. सुटले. जन्मभर सगळे म्हणणार, बहीण असावी तर अशी. तो माझ्याकडे बघत होता. वाळलेले ओठ, आणि चेहऱ्यावर माझ्याबद्दलची काळजी. माझ्याबद्दलची! मला स्वतःची किळस आली.

"मी उपाशी नाहीये," मी म्हटलं.

"बरं, बरं."

"बरं काय? ऐक ना मेल्या! मी खातेय. रोज अठ्ठावीस बिस्किटं खातेय. कधी तीस."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग मी सगळं सांगितलं. ट्रे, डबा, पुड्यावरचा आकडा, बसची खिडकी. आधी माहीत नव्हतं हे सांगितलं, आणि मग माहीत होतं हेही सांगितलं. भीतीचंही सांगितलं. बोलताना माझा आवाज चिडल्यासारखा येत होता, जणू त्यांनीच काही केलं होतं. मला रडायचं नव्हतं. रडले असते तर त्यानंच मला समजावलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं.

धाकट्यानं बाटलीचं झाकण उगाच परत घट्ट केलं. मग म्हणाला, "चांगली तरी होती का बिस्किटं?"

त्याला तसंच बोलता येतं. लहानपणापासून तो असाच. मी हसण्याच्या बेतात होते, तेवढ्यात भावजयीनं भाजीचं ताट बाजूला सरकवलं.

"पंधरा," ती म्हणाली.

"काय पंधरा?"

"पाच आठवडे म्हणालात ना? आठवड्याला तीन. पंधरा वेळा मी ह्यांना घेऊन गेले. पंधरा वेळा दोन-दोन सुया. त्यातल्या एका दिवशी रक्तदाब उतरला, डोळे फिरवले ह्यांनी, मी बाहेर उभी होते, मला आत येऊ दिलं नाही. तुम्हाला सांगितलं नाही, कारण हे म्हणाले, ताई आधीच एवढं करतेय, तिला ताप नको." तिचा आवाज चढला नव्हता. "मी रोज मनात तुमच्या पाया पडत होते, ताई."

"अगं, जाऊ दे," धाकटा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा." आणि मला म्हणाली, "एकच विचारते. वजन उतरलं असतं, तारीख आली असती, तर तुम्ही आला असता का?"

मला 'हो' म्हणायचं होतं. इतके महिने तेच तर म्हणत आले होते. "माहीत नाही," मी म्हटलं.

"आणि आता?"

धाकटा मध्ये पडला. "ताई, भीती वाटत असेल तर नाही म्हण. खरंच. मला राग नाही यायचा. पण तोंडानं म्हण, असं पोटातून नको."

मी त्याच्याकडे बघितलं. ह्याला मी कडेवर घेऊन फिरले आहे. पडला की आधी मला मारायचा आणि मग माझ्याच गळ्यात पडून रडायचा.

"भीती वाटतेय," मी म्हटलं. "देते."

भावजयीनं ताट परत पुढे ओढलं. "मग नाव परत लावायला सांगते. आणि उद्यापासून दर सोमवारी मी येणार तुमच्याबरोबर वजनाला," ती म्हणाली. "तुमच्या वहीवर माझा विश्वास नाही."

मला लागलं ते. तरी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी डाएटवालीसमोर बसून परत सगळं ओकले. भावजय शेजारी बसून ऐकत होती, एखादी ओळ गाळते का ते बघत. बाईही आल्या. ऐकता ऐकता पोरीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू रंग आला. बाईंसमोरच ती म्हणाली, "म्हणजे चण्यांचं चुकलं नव्हतं?"

"नव्हतं गं," मी म्हटलं. "चणे आपले गरीब. वहीत होते."

बाई म्हणाल्या, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण चणे परत चालू झाले, सफरचंदही. पोर माझ्यावर रागावली होती. सहा आठवडे ती मला काकू म्हणाली नाही, नुसतं "तुम्ही" म्हणाली. दुसऱ्या पेशंटांचं मधलं खाणं तिनं माझ्यामुळे बंद केलं होतं. त्यांना एकेकाला फोन करून परत सांगत बसलेली मी तिला बघितली आहे.

कारखान्यात डबा पुढे ओढला आणि पहिल्या घाण्यापासून थुंकायला सुरुवात केली. बातमी दुपारपर्यंत भट्टीवर पोचली, "जीभ थुंकायला लागली!" लोक काहीतरी निमित्त काढून खोलीत डोकावून गेले. तिसऱ्या दिवशी एका घाण्यात सोडा वर आलेला मी थुंकूनसुद्धा पकडला, घशाखाली कण न उतरता. म्हणजे मास्तरांचं खरं नव्हतं, निदान माझ्यापुरतं तरी. बावीस वर्षं गिळायची काही गरजच नव्हती. गिळायला आवडत होतं, म्हणून मी त्याला काम म्हणत होते. ह्यांना सगळं सांगितलं त्या दिवशी ते छोट्या काट्यापाशी बसले होते. चणे मोजत होते, मोजताना चुकले, आणि पहिल्यापासून परत मोजायला लागले.

चार वाजता भूक लागली की आता चणे खायचे. एकेक. खरं सांगते, पुरायचे. आधी पोट भरलेलं असायचं म्हणून मला त्यांची किंमतच कळली नव्हती.

अठ्ठ्याहत्तर. सत्त्याहत्तर आणि थोडं. दर सोमवारी भावजय वाकून आकडा बघायची, माझ्या तोंडाकडे बघायची नाही. बाहेर आल्यावर "येते" म्हणायची आणि धाकट्याला आणायला मशीनच्या खोलीकडे निघून जायची. मी तिथंच बाकावर थोडा वेळ बसायचे. त्या खोलीच्या दारावर एक छोटी काच आहे. एकदा तिच्यातून बघितलं. तो डोळे मिटून पडला होता, नळ्यांतून रक्त जात होतं, येत होतं, आणि भावजय त्याच्या ओठांवर ओला कापूस फिरवत होती. भीती माझी काही गेली नाही. अजूनही आहे. पण त्या दिवसानंतर त्या भीतीला मी फार मान दिला नाही.

नऊ आठवडे लागले. म्हणजे आणखी सत्तावीस वेळा सुया. ते मी मोजले, मला कुणी सांगायला लागलं नाही.

नवव्या सोमवारी मी चपला काढून काट्यावर उभी राहिले. मला वरून आकडा नीट दिसत नव्हता, पोरीच्या चेहऱ्यावरून कळलं.

"बाहत्तर, नऊशे," ती म्हणाली. "काकू!"

भावजय वाकली होती. ती तशीच वाकलेली राहिली. मग म्हणाली, "परत बघा."

"बरोबर आहे हो, हा काटा..."

"परत बघा. त्यांना उतरवा आणि परत बघा."

मी उतरले. काटा शून्यावर आला. परत चढले. कुणी श्वास घेत नव्हतं, मीसुद्धा नाही. बाहत्तर, नऊशे. भावजयीनं माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं, कशाला धरलंय का. मग साडीच्या निऱ्यांकडे बघितलं, पावलांकडे बघितलं. पोरीनं लाजून नजर वळवली. मी हलले नाही. तिला हवं तेवढं बघू दिलं.

"आता डॉक्टरांना फोन लावते," पोर म्हणाली आणि आत गेली.

भावजय मटकन भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली आणि रडायला लागली. तोंडात पदर कोंबून, आवाज न करता, इतक्या महिन्यांचं एकदम. मी काट्यावरून उतरून तिच्याजवळ गेले. तिच्या पाठीवर हात ठेवायचा मला हक्क राहिलाय की नाही, ते मला कळेना. मी तिच्या शेजारी फरशीवर बसले आणि हात ठेवला. तिचं अंग आक्रसलं. पण तिनं हात झटकला नाही.

आतून पोरीचा आवाज आला, "ऑपरेशनला पुढचा मंगळवार चालेल का विचारतायत?"

दोघींपैकी उत्तर मीच द्यायचं होतं. माझा दुसरा हात आपोआप कुशीवर गेला, पूर्वीसारखाच, त्याच जागी.

"चालेल म्हणावं," मी ओरडून सांगितलं.